सुप्त प्रतिमा आणि आरंभीचा मराठी चित्रपट

फिल्मवर प्रकाश पडल्याचा क्षण इतिहासात नोंदला जातो. ती धुतली जाईपर्यंतचा अवधी मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. वस्तुतः आरंभीच्या मराठी चित्रपटाचा विचार करताना हा अवधी फार महत्त्वाचा ठरतो.

प्रकाशाच्या स्पर्शाने रजतलवणाच्या स्फटिकात चांदीच्या मोजक्या अणूंचा पुंज तयार होतो. अशा पुंजांची मिळून जी अदृश्य आकृती बनते तीच सुप्त प्रतिमा होय. विकसक द्रावण तिला दृश्य रूप देते. उष्णता, दमटपणा आणि हवेतील प्राणवायू यांमुळे हे पुंज हळूहळू क्षीण होतात. त्याच वेळी प्रकाश न लागलेले स्फटिकही काळवंडू लागून चित्रावर धुरकट छटा चढते. म्हणून फिल्म किती काळ टिकते याचे एकच उत्तर संभवत नाही. ते साठवणीवर अवलंबून असते.

बोरघाटाचा रेल्वेमार्ग 1863 मध्ये खुला झाला, तेव्हा ओल्या कोलोडियनची काच प्रचारात होती. ती सुकण्यापूर्वी, म्हणजे काही मिनिटांतच, धुवावी लागे. कर्जतच्या पुढील ठाकुरवाडीसारख्या डोंगरी ठिकाणी चित्र घ्यावयाचे तर काळोखाचा तंबू आणि रसायनांच्या बाटल्या बरोबर न्याव्या लागत. 1871 मध्ये मॅडॉक्स यांनी सुचविलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचेने आणि पुढे आलेल्या फिल्मने हे बंधन सैल केले. चित्रण एका ठिकाणी आणि धुलाई दुसऱ्या ठिकाणी करणे शक्य झाले.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले व फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठविली. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ 18 मे 1912 रोजी प्रदर्शित झाला. त्याचीही धुलाई लंडनलाच झाली. समुद्रप्रवासाचे ते आठवडे सुप्त प्रतिमेने सोसले. ती याहून कितीतरी अधिक काळही तग धरते. 1897 मध्ये बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या आंद्रे यांच्या मोहिमेची फिल्म 1930 मध्ये क्वितया बेटावर सापडली. 33 वर्षे थंडीत राहिलेल्या त्या 240 चित्रांपैकी 93 चित्रे जॉन हर्ट्‌झबर्ग यांनी वाचविली.

दादासाहेब फाळके यांनी मात्र धुलाई घरीच केली. तिचे कारण प्रतिमा विरण्याचे भय हे होते काय? तसे म्हणता येत नाही. 1912 मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस एकेक चौकट घेत टिपली होती. या पद्धतीत पहिली चौकट शेवटच्या चौकटीची वाट पाहत सुप्तच राहते. सुप्त प्रतिमेवर त्यांचा विश्वास होता, हे यावरून दिसते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी दिवसा चित्रण व रात्री सरस्वतीबाईंच्या साहाय्याने धुलाई असा क्रम होता. बाह्यचित्रणासाठी मंडळी याच कर्जत मार्गावरील वांगणीस गेली होती. चित्र बिघडले असेल तर ते लगेच कळावे आणि नटसंच पांगण्यापूर्वी पुन्हा घेता यावे, हा घरच्या धुलाईचा खरा लाभ होता. लंडनहून उत्तर येईपर्यंत चुकीची दुरुस्ती अशक्य झाली असती.

‘श्री पुंडलिक’ला पहिल्या भारतीय चित्रपटाचा मान नाकारताना ती फिल्म परदेशी धुतली गेली, हेही एक कारण पुढे केले जाते. हा आक्षेप तपासून घेतला पाहिजे. प्रतिमा प्रकाशाच्या क्षणीच सिद्ध होते. विकसक तिला केवळ प्रकट करतो. त्यामुळे धुलाईच्या स्थळावरून कृतीचे राष्ट्रीयत्व ठरविणे शास्त्रदृष्ट्या दुर्बल आहे. फाळके यांचे श्रेष्ठत्व निराळे आहे. प्रकाशाच्या क्षणापासून पडद्यापर्यंतची सर्व प्रक्रिया त्यांनी एका छपराखाली आणली आणि त्यामुळे चुकांपासून त्वरित शिकणे येथील कारागिरांना शक्य झाले. एखादा उद्योग देशात रुजला असे म्हणावयाचे ते याच अर्थाने.