पोल्सनची आंबट चव

मराठी घरांत लोणी म्हणजे दही घुसळून काढलेला पांढराशुभ्र गोळा. त्यात मीठ नसते आणि त्याचा मुक्कामही फार दिवसांचा नसतो. कढवून तूप व्हावयाचे, हेच त्याचे विधिलिखित. पिवळे, खारट लोणी डब्यातून विकत आणून पावाला लावावयाचे, ही चाल शहरांची. आणि मुंबईकरांच्या जिभेवर ती रुजविण्याचे श्रेय मुख्यतः पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी गृहस्थाकडे जाते. ‘पोली’ या घरगुती नावावरून त्यांनी ‘पोल्सन’ हे इंग्रजी वळणाचे नाव घडविले. १८८८ साली कॉफी दळून विकण्यापासून त्यांनी आरंभ केला. पुढे लष्कराला लोणी पुरविण्याचे काम मिळाले, आणि १९३० च्या सुमारास आणंद येथे त्यांची डेअरी उभी राहिली. बडोद्याहून अहमदाबादकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात या गावी पोहोचते. भोवतालचा चरोतर हा म्हशींचा मुलूख. दुधाला तोटा नाही.

पोल्सनच्या लोण्याची ख्याती त्याच्या चवीत होती, आणि ती चव विलंबातून जन्मली होती. साय कित्येक दिवस साठवली जाई आणि तेवढ्या अवधीत ती आंबे. अशा सायीत सूक्ष्म जंतूंच्या क्रियेने डायअ‍ॅसिटिल नावाचे द्रव्य तयार होते. लोण्याचा तो परिचित, उग्र गंध त्याचाच. वर मीठ सढळ हाताने घातलेले. गिऱ्हाइकाला यातील काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्या लेखी लोण्याला असाच वास यावयास हवा होता.

दूध घालणाऱ्या शेतकऱ्याचा अनुभव मात्र कडू होता. १९४५ साली मुंबई सरकारने शहराला दूध पुरविण्याची योजना आखली आणि खेडा जिल्ह्यातील दूध गोळा करण्याचा मक्ता पोल्सनला दिला. सरकारकडून कंपनीला चांगला भाव मिळे. गोठ्यापर्यंत येता येता तो मधल्या ठेकेदारांच्या हाती झिरपून जाई. शेतकरी वल्लभभाई पटेलांकडे गेले. त्यांच्या सल्ल्यानुसार ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी मोरारजी देसाई यांच्या उपस्थितीत सभा भरली, आणि दूध द्यावयाचे नाही असे ठरले. पंधरा दिवस ते दिले गेले नाही. दूध ही काही कोठारात कुलूप लावून ठेवण्याची वस्तू नव्हे. रोजचे दोहन हातचे घालवूनही ती माणसे निश्चयापासून ढळली नाहीत, हे विसरता येत नाही. अखेर सरकारला त्यांची सहकारी संस्था मान्य करावी लागली. त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली १४ डिसेंबर १९४६ रोजी तिची नोंदणी झाली.

३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते संघाच्या नव्या दुग्धालयाचे उद्‌घाटन झाले. व्यवस्थापक वर्गीस कुरियन हे अमेरिकेत शिकून आलेले. त्यांचे लोणी ताज्या सायीचे. शास्त्राच्या दृष्टीने त्यात काही उणे नव्हते, पण लोकांना ते बेचव वाटले! पोल्सनवर वाढलेल्या जिभेला ताजेपणाची ओळखच नव्हती. नाइलाजाने मीठ वाढविण्यात आले, आणि आंबलेल्या सायीत आपोआप येणारे ते डायअ‍ॅसिटिल मुद्दाम मिसळण्यात आले. रंगाचाही प्रश्न होता. गाईच्या दुधाला पिवळसर छटा देणारे कॅरोटिन म्हशीच्या दुधात उतरत नाही. तेव्हा पिवळेपणासाठी रंग घालणे आले. ज्या कंपनीशी शेतकऱ्यांनी झुंज दिली, तिच्याच लोण्याची नक्कल करून त्यांना ‘अमूल’ विकावे लागले.

पोल्सनच्या जाहिरातीत एक मुलगी असे. तिला उत्तर म्हणून १९६६ साली सिल्व्हेस्टर दा कुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकातील अमूलची मुलगी निर्माण केली. बाजारातून पोल्सनचे लोणी हळूहळू दिसेनासे झाले. मुंबईच्या बोलीत मात्र वरिष्ठांची खुशामत करण्याला ‘पोल्सन लावणे’ म्हणत, आणि तो डबा दुकानातून गेल्यावरही हा शब्द लोकांच्या तोंडी राहिला.