एका दारुड्याला दुसरा दारुडा हवा होता

११ मे १९३५, शनिवारची दुपार. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे टायर कारखान्यांचं शहर. तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा, शेअर बाजारात काम केलेला माणूस येरझाऱ्या घालत होता. एका कंपनीचा ताबा मिळवायला तो आला होता आणि तो डाव फसला होता. खिशात फारसे पैसे नव्हते. दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. लॉबीच्या एका बाजूला बार होता. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि शहरातल्या चर्चची यादी होती.

बिल फोनकडे वळला. एका धर्मगुरूला फोन लावून त्याने विचारलं, मला बोलायला एखादा दारुडा मिळवून द्याल का?

ही मागणी विचित्र वाटते, पण तिच्यामागे अनुभव होता. पाच महिने तो न्यूयॉर्कमधल्या दारुड्यांना उपदेश करत हिंडला होता. त्यातला एकही सुधारला नव्हता. तो स्वतः मात्र प्यायला नव्हता. त्याला बरं वाटत होतं ते दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलण्यामुळे, हे त्याला कळलं होतं.

फोनवरून फोन करत तो हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंपर्यंत पोचला. दारू सोडायची धडपड करणारे डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन त्यांच्या ओळखीचे होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला बाईंच्या घरी दोघांची गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. बिलने त्यांना एकही सल्ला दिला नाही. स्वतः कसा पीत होतो, ते सांगितलं. त्यानंतर डॉक्टर एकदा घसरले. मग १० जून १९३५ हा त्यांच्या पिण्याचा शेवटचा दिवस ठरला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, आपला जन्म याच तारखेपासून मोजते.

असा प्रयोग आधीही झाला होता. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी एकत्र येऊन दारू सोडायची शपथ घेतली. त्यातून वॉशिंग्टोनियन चळवळ उभी राहिली. ती इतकी पसरली की १८४२ मध्ये तिच्या सभेत अब्राहम लिंकनचं भाषण झालं. पण दारूबंदीच्या राजकारणात आणि वादांत ती ओढली गेली आणि काही वर्षांतच विरली.

हे माहीत असेल, तर एएचे नियम समजतात. ते १९४६ मध्ये छापले गेले आणि १९५० मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात स्वीकारले गेले. बाहेरच्या कुठल्याही वादावर मत द्यायचं नाही. बाहेरची देणगी घ्यायची नाही. जाहीरपणे नाव लावायचं नाही. सभासदत्वाची अट एकच, दारू सोडायची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर मुख्य सर्व्हरच नाही. एक गट बंद पडला तरी बाकीचे चालू राहतात.

माझा मावसभाऊ मीटिंगला जायला तयार झाला, तेव्हा त्याची पहिली शंका होती, "तिथे कोणी ओळखीचं भेटलं तर?" मी म्हटलं, "तोही त्याच कामासाठी आलेला असेल ना." मीटिंग खुली होती, म्हणून मलाही बसता आलं. बंद मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते. पुण्यातल्या एका शाळेचा वर्ग होता. मोठी माणसं लहान बाकांवर अवघडून बसली होती. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता होता. तिथे कोण काय बोललं, ते मी लिहिणार नाही. बाहेर पडताना एका पिकल्या केसांच्या गृहस्थांनी भावाला आपला नंबर दिला, एवढंच सांगतो. "प्यावंसं वाटलं तर पिण्याआधी फोन कर," ते म्हणाले. "तू फोन केलास की माझाही दिवस निघतो."

अ‍ॅक्रनची गोष्ट मला त्या वाक्याने खरी समजली.

भारतात एए १९५०च्या दशकात पोचली. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं आणि व्यसन हा आजार आहे, ही गोष्ट मराठी घरांत बोलली जाऊ लागली. आज मीटिंग शोधणं फोनवरचं काम आहे. एए इंडियाच्या संकेतस्थळावर किंवा हेल्पलाइनवर आपल्या भागातली वेळ आणि जागा विचारायची. ऑनलाइन मीटिंगही असतात. घरच्यांसाठी १९५१ मध्ये बिलची बायको लोइस हिने आणखी एकीसोबत सुरू केलेली अल-अ‍ॅनॉन वेगळी आहे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबण्याआधी डॉक्टरांना भेटावं. अचानक बंद केल्याने झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं.

सगळ्यांना एए मानवतेच असं नाही. तिथली ईश्वराची भाषा काहींना खटकते. भावालाही खटकली. तो मध्ये दोनदा प्यायलाही. दोन्ही वेळा पुढच्या मंगळवारी त्याच वर्गात जाऊन बसला. कोणी हिशेब मागितला नाही. अट इच्छेची होती आणि ती त्याच्याकडे होती.