पुढच्या भागाची वाट

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी गारगोटीच्या एस. टी. स्थानकावर कोल्हापूरच्या गाडीची वाट पाहत असता शेजारच्या बाकावरील तीन कॉलेजकुमारांचा वाद आमच्या कानी पडला. पावसाने असा जोर धरला होता की, गाडी वेळेवर येण्याची आशा कोणासच नव्हती. त्यामुळे वादास अवकाश भरपूर मिळाला. विषय होता जेम्स बाँड ह्या इंग्रज हेराचा. इ. स. २०२१ मध्ये निघालेल्या ‘नो टाइम टु डाय’ ह्या पंचविसाव्या बोलपटात हा गृहस्थ सर्वांदेखत मरतो, आणि त्याच बोलपटाच्या शेवटी ‘जेम्स बाँड परत येईल’ अशी ग्वाहीही पडद्यावर झळकते. मेलेला मनुष्य परत येणार कसा, हा त्या तिघांपुढील प्रश्न. एकाच्या मते तो मेलाच नव्हता. दुसऱ्याचे म्हणणे असे की, जेम्स बाँड हे माणसाचे नाव नसून हुद्द्याचे नाव आहे. एक गेला की दुसरा त्या गादीवर बसतो. तिसरा गप्प होता, तो एवढेच म्हणाला, “नवा माणूस घेतील आणि पहिल्यापासून सुरू करतील, बघ.”

हुद्द्याचा तर्क चतुर खरा, पण टिकणारा नव्हे. इ. स. १९६९ च्या बोलपटात जॉर्ज लेझनबी ह्या नटाने रंगविलेल्या बाँडची बायको मारली जाते, आणि इ. स. १९८१ च्या बोलपटात रॉजर मूर ह्या निराळ्याच नटाने रंगविलेला बाँड तिच्या थडग्यावर फुले वाहतो. नट बदलला तरी विधुर एकच! हे त्या मुलांस सांगावे असे फार मनात आले होते. परंतु परक्या वादात पांढऱ्या केसांनी तोंड घालणे बरे नव्हे म्हणून आम्ही जिभेस आवर घातला. शिवाय दुसरीही एक गोष्ट आठवली. ह्याच गावी, त्यांच्याच वयाचे असताना, आम्ही असेच हिरिरीने भांडत होतो. आमचा नायक तेवढा निराळा होता.

पुढच्या भागाविषयी तर्क करण्याची ही हौस बोलपटांबरोबर आली असे समजणे चुकीचे होईल. आमच्याकडे ती नियतकालिकांबरोबर आली. हरिभाऊ आपट्यांनी इ. स. १८९० मध्ये ‘करमणूक’ पत्र काढले व त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमाने दिली, तेव्हा मराठी वाचकास आठवड्याच्या अंतराने गोष्ट वाचण्याची सवय जडली. यमूचे पुढे काय होणार ही काळजी त्या काळच्या कित्येक घरांत खऱ्या नातलगाच्या काळजीसारखी वाहिली गेली असेल. तिकडे हिंदीत देवकीनंदन खत्री ह्यांनी इ. स. १८८८ पासून ‘चंद्रकांता’ आणि पुढे तिची ‘संतति’ लिहून ऐयारांची, म्हणजे वेषांतरात निष्णात अशा राजहेरांची, एक सृष्टीच उभी केली. इ. स. १९१३ मध्ये ते वारले तेव्हा ‘भूतनाथ’ अपुरा राहिला होता. तो त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद ह्यांनी पुरा केला. हेरांच्या मालिकेस वारस लागतो ही गोष्ट अशी आपल्याकडे जुनी आहे.

ह्याच सुमारास विलायतेत निराळा प्रकार घडला. कॉनन डॉइल ह्यांनी कंटाळून आपल्या शेरलॉक होम्सला इ. स. १८९३ मध्ये धबधब्यात ढकलून दिले. वाचकांनी तो मृत्यू मान्य केला नाही. इ. स. १९०१ मध्ये डॉइल ह्यांनी होम्सच्या मृत्यूपूर्वीची म्हणून एक कथा दिली, आणि इ. स. १९०३ मध्ये त्यास धबधब्यातून कोरडा ठणठणीत वर काढले. गारगोटीच्या बाकावरील पहिल्या मुलाचे ‘तो मेलाच नाही’ हे म्हणणे आम्हांस हास्यास्पद वाटले नाही ते ह्यामुळेच. त्याच्या बाजूस पूर्वाधार मोठा होता. बाँडचा जनक इयन फ्लेमिंग ह्यानेही इ. स. १९५७ च्या कादंबरीच्या अखेरीस आपल्या नायकास विषप्रयोगाने जमिनीवर कोसळविले होते, आणि पुढच्याच वर्षी ‘डॉक्टर नो’ मध्ये वैद्याकरवी त्यास बरेही केले होते.

आता आमच्या नायकाकडे वळू. बाबूराव अर्नाळकर, म्हणजेच चंद्रकांत सखाराम चव्हाण, ह्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. विद्वानांच्या बैठकीत त्यांचे नाव निघत नसे. निघालेच तर नाक मुरडण्यापुरते. परंतु झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावे ज्यांस ठाऊक नव्हती असे मराठी घर एके काळी विरळाच असेल. झुंजार हा काही सरकारी हेर नव्हे, हे आम्ही कबूल करतो. तथापि वेषांतर, गुप्त वाटा, शत्रूच्या गोटात शिरून त्याचाच डाव त्याच्यावर उलटविणे, ही सर्व हेराची विद्या त्याच्या अंगी होती, आणि आम्हांस भेद करण्याचे कारणही नव्हते. पुढे गुरुनाथ नाईक ह्यांनी कॅप्टन दीपसारखे नायक पुढे आणले तेव्हा मात्र अस्सल लष्करी हेरगिरी मराठी वाचनालयांत आली. इ. स. १९६५ आणि १९७१ ही दोन युद्धे पाहिलेल्या पिढीस सीमेपलीकडे जाऊन येणारा नायक हवाच होता. इ. स. २०२२ मध्ये नाईक निवर्तले. त्यांच्या कादंबऱ्यांची संख्याही हजाराच्या वरची.

आमच्या लहानपणी ही पुस्तके कोल्हापुराहून येत. वाचनालयात पुस्तके देणारे एक वृद्ध गृहस्थ होते. सारा गाव त्यांस अण्णा म्हणे. संध्याकाळी दारात पाऊल टाकताच प्रत्येक मुलाचा प्रश्न ठरलेला : “अण्णा, नवा झुंजार आलाय काय?” अण्णा चष्म्यावरून पाहत आणि म्हणत, “आलाय, पण तुझ्या आधी नऊ जणांनी नाव घातलंय.” ह्या नऊ जणांचे वाचून होईतो जे दिवस जात, त्यांत आमच्या तर्कांस बहर येई. ज्याने आधी वाचले त्याने सांगायचे नाही असा दंडक होता; तो मोडणाऱ्यास वेदगंगेच्या डोहात बुडविण्याची शिक्षाही ठरली होती, आणि एकदा ती अर्धवट अमलातही आली. उरलेल्यांनी केवळ मुखपृष्ठावरील चित्र पाहून कथा ओळखायची. लाल दिवा, पालथा पडलेला मनुष्य, पडद्याआडचे पिस्तूल. एवढ्या सामग्रीवर आम्ही तासच्या तास काढीत असू.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. झुंजार कोण आहे, कसा दिसतो, पुढे कोण झुंजार होणार, असा प्रश्न आमच्यापैकी कोणीही कधी केला नाही. झुंजार हा झुंजारच होता. आमचे सारे तर्क घटनेविषयी असत : तळघरातून तो सुटला कसा, ती बुरखेवाली बाई फितूर की निष्ठावंत, इन्स्पेक्टरला खरे कळले की नाही. पुढचे पुस्तक लवकरच येणार ही खात्री होती. म्हणून तर्कास कथेबाहेर भटकण्याची गरज पडत नसे. बाँडच्या चाहत्यांचे तर्क घटनेस क्वचित शिवतात. कोणता नट, कोणता दिग्दर्शक, मालकी कोणाची, हेच त्यांचे विषय. आमच्या मते ह्याचे कारण अभिरुचीत नसून अंतरात आहे. आठवड्याचे किंवा महिन्याचे अंतर असले की वाचक ‘पुढे काय होईल’ असे विचारतो. वर्षांचे अंतर पडले की ‘तो पुढे कोण असेल’ असे विचारू लागतो. आणि निर्माताच नाहीसा झाला की ‘तो कोणाचा’ असा प्रश्न उभा राहतो.

बाँडच्या बोलपटांचा इतिहास ह्या तिन्ही पायऱ्या उतरून आलेला आहे. इ. स. १९६२ मध्ये पहिला बोलपट निघाला आणि मग बहुधा दर वर्षास एक येऊ लागला. तेव्हा चित्राच्या अखेरीस पुढच्या चित्राचे नावदेखील जाहीर होत असे. ह्या जाहिरातीवर विसंबणारेही फसले आहेत : इ. स. १९७७ च्या चित्राने ‘फॉर युअर आइज ओन्ली’ चे वचन दिले. परंतु त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’ ने अवकाशातील कथांस असा भाव आणला की, निर्मात्यांनी वचन बाजूस ठेवून बाँडला ‘मूनरेकर’ मध्ये थेट अंतराळात धाडला. वचन पाळले गेले ते इ. स. १९८१ मध्ये, वर सांगितलेल्या फुले वाहण्याच्या चित्राने. पुढे इ. स. १९८९ नंतर कज्जेदलालीमुळे सहा वर्षे एकही चित्र निघाले नाही, आणि ‘कोण असेल’ हा प्रश्न जोरावला. इ. स. २००५ मध्ये डॅनियल क्रेग ह्यांची निवड होताच काही चाहत्यांनी हा भुऱ्या केसांचा मनुष्य आम्हांस नको म्हणून बहिष्काराची भाषा केली. पुढील वर्षी ‘कसिनो रोयाल’ पाहून त्यांतील बहुतेकांची वाचा बसली. ह्यावरून चाहत्यांच्या तर्कास काहीच किंमत नाही असे म्हणणारे म्हणोत. त्यांचा अंदाज चुकला हे खरे. पण जो नायक कोणाच्याही मालकीचा नाही असे वाटते त्याच्याविषयी कोणी एवढे रागावत नाही.

आणि मालकीचा प्रश्नही अखेर आलाच. इ. स. १९६१ पासून ब्रॉकली घराण्याकडे ह्या चित्रांची सूत्रे होती : प्रथम बाप, मग मुलगी आणि सावत्र मुलगा. खत्रींच्या घरची गोष्ट वाचकांस येथे आठवेल. इ. स. २०२५ च्या फेब्रुवारीत ह्या घराण्याने चित्रांच्या निर्मितीवरील आपला अधिकार अॅमेझॉन ह्या अमेरिकन व्यापारी कंपनीच्या हाती दिल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी जूनमध्ये दनी व्हिलनव्ह ह्या कॅनडातील दिग्दर्शकाचे नाव पुकारले गेले. गारगोटीच्या बाकावरील तिसरा मुलगा ‘पहिल्यापासून सुरू करतील’ असे म्हणाला, तो ह्याच बातम्या वाचून म्हणाला असावा. त्याच्या बोलण्यात तर्क होता, पण उत्साह नव्हता. दुकानाची मालकी बदलली की नोकरमाणसे बदलतात, असा काहीसा सूर होता.

आम्हांस त्याचे वाईट वाटले. मात्र आमच्या झुंजारची स्थिती ह्याहून बरी आहे असे नव्हे. इ. स. १९९६ मध्ये बाबूराव वारले आणि त्याचा पुढचा भाग कायमचा थांबला. त्याच्याविषयी आम्ही केलेल्या हजारो तर्कांची कोठे नोंद नाही. स्वस्त कागदावरील ती पुस्तकेच जेथे विरून गेली तेथे वाचकांची बडबड कोण टिपून ठेवणार? ज्या दशकात ही पुस्तके महाराष्ट्रभर पसरू लागली त्याच दशकात, इ. स. १९४२ च्या १३ डिसेंबरला, ह्याच गावच्या कचेरीवर भूमिगतांनी चाल केली आणि सात जण कामी आले. त्यामागचे निरोप, खुणा आणि रात्रीच्या वाटा ह्या खऱ्या हेरगिरीच्या गोष्टी होत. त्याही बऱ्याचशा सांगणाऱ्यांबरोबर गेल्या. निदान त्या सातांचे स्मरण गाव करते. वाचकांचे स्मरण करण्याची चाल नाही.

एक अपवाद आमच्या पाहण्यात आहे. वाचनालयाच्या पुस्तकांचे शेवटचे पान फाडून नेण्याची एक दुष्ट खोड त्या काळी कोणाला तरी होती. अशाच एका झुंजारकथेच्या मलपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या बाजूवर कोणा वाचकाने शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरांत, स्वतःच शेवट लिहून ठेवला होता. आम्ही तो खरा शेवट समजूनच वाचला. पुष्कळ वर्षांनी कोल्हापुरात जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याच कथेची धड प्रत हाती आली. छापील शेवट मुंबईत, एका बंगल्याच्या गच्चीवर घडतो आणि खलनायक पोलिसांच्या स्वाधीन होतो. पेन्सिलीच्या शेवटात झुंजार त्याचा पाठलाग करीत थेट भुदरगडावर येतो, रात्र गडावरच्या देवळात काढतो, आणि पहाटे खाली उतरून कोल्हापूरची पहिली गाडी धरतो.