एकसरचे वीरगळ : समुद्रात बुडालेल्यांचे स्मारक

बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील माणसाने समुद्राचा विषय काढावा, हे आपल्यापैकी काहींना वावगे वाटेल. आपला पाण्याशी संबंध मांजरा, कारंजा आणि भीमा यांच्यापुरता. कोळारच्या परिसरात वाढलेल्या माणसाला खारे पाणी बहुधा मुंबईला गेल्यावरच प्रथम दिसते. तरीही या वर्षीच्या पुष्पासाठी मी मुद्दाम एका समुद्रयुद्धाचे स्मारक निवडले आहे. मुंबईच्या बोरिवली उपनगरात एकसर नावाचे जुने गाव आहे. तेथे आरमारी लढाईत मेलेल्यांच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या शिळा आजही आहेत. ज्या राजवटींच्या वैरातून ही माणसे मेली असे मानले जाते, त्या दोन्ही राजवटींची मुळे आपल्याच दख्खनच्या पठारावर होती. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

प्रथम वीरगळ म्हणजे काय ते पाहू. कन्नडमध्ये 'कल्लु' म्हणजे दगड; 'वीरगल्लु' म्हणजे वीराचा दगड आणि तोच आपला वीरगळ. आपल्या भागात गावोगावी तो मारुतीच्या पारावर, वेशीजवळ किंवा पडक्या देवळाच्या आवारात दिसतो. त्याची मांडणी ठरलेली असते आणि ती खालून वर वाचायची असते. सर्वांत खाली लढाई असते, कधी गुरे सोडवताना झालेली, कधी वेशीवरची. त्यावरच्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गाकडे नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला दिसतो. माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. ते आहेत तोवर ही कीर्ती टिको, असा त्याचा अर्थ. आम्हा जैनांमध्ये अशाच घडणीचा निषिधीचा दगड असतो. सल्लेखनेने देह ठेवणाऱ्याच्या नावाने तो उभारतात आणि त्याच्या माथ्यावर लिंगाच्या जागी तीर्थंकर असतात. एक रणातले मरण, दुसरे व्रतातले. पण दगड घडवणारे हात एकाच परंपरेतले. मेलेल्या माणसाला नुसते आठवून भागत नाही, त्याला उभे राहायला जागा द्यावी लागते, एवढे दोन्ही परंपरांना उमगले होते.

आता एकसरकडे वळू. 1882 साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये या शिळांचे सविस्तर वर्णन आले. त्या वेळी त्या तळ्याकाठच्या आमराईत उभ्या होत्या. शिळा सहा, त्यांतल्या मोठ्या सुमारे दहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि सहा इंच जाड. माथ्यावर मोठे कलश, कलशांच्या बाजूला हार घेऊन येणाऱ्या तरंगत्या आकृती. काही शिळांवर जमिनीवरची लढाई आहे आणि त्यात हत्तीही आहेत. उरलेल्या शिळांवर मात्र जे आहे, ते आपल्याकडच्या वीरगळांवर सापडणार नाही. तेथे गलबते आहेत.

ही गलबते काळजीपूर्वक पाहण्यासारखी आहेत. नाळ पक्ष्याच्या चोचीसारखी उंच उचललेली. मध्ये डोलकाठी. एका बाजूला नऊ-नऊ वल्ही, ती मारणारे खलाशी एका ओळीत, आणि वरच्या फळीवर धनुष्य ताणून उभे राहिलेले सैनिक. एका शिळेच्या तळाशी पाच गलबते रांगेने लढाईला निघाली आहेत. त्यावरच्या चौकटीत चार गलबतांनी एकाला घेरले आहे आणि घायाळ माणसे पाण्यात पडत आहेत. पुढच्या चौकटींत नेहमीप्रमाणे लिंगपूजा आणि स्वर्गारोहण. कारागिराने जुना साचा मोडला नाही. फक्त खालच्या चौकटीत जमिनीऐवजी पाणी आणले. पाण्यात कोसळणारी ती माणसे पाहिल्यावर वाटते की, कारागिराने गलबते जवळून पाहिली होती. निदान ज्यांनी ती पाहिली होती, अशांच्या तोंडून लढाई ऐकली होती.

मग ही लढाई कोणाची? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

उत्तर कोकणावर सुमारे आठव्या शतकाच्या अखेरीपासून तेराव्या शतकापर्यंत शिलाहारांचे राज्य होते. ठाणे हे त्यांचे प्रमुख नगर. 'पश्चिमसमुद्राधिपती' असे बिरुद ते लावीत. पण त्यांचे दुसरे बिरुद आपल्याला अधिक जवळचे आहे: 'तगरपुरवराधीश्वर'. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, गोरोबाकाकांचे तेर, आपल्याला पाहुण्यांच्या घराइतके ओळखीचे. समुद्राचे स्वामी म्हणवणारे हे घराणे आपले मूळ सांगताना पठारावरच्या गावाचे नाव घेई.

त्यांना कोकणात बसवले ते राष्ट्रकूटांनी. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. आज तेथे नेमिनाथ बस्ती, ढासळती तटबंदी आणि सिमेंटच्या कारखान्यांची धूळ आहे. पण नवव्या-दहाव्या शतकांत मळखेडचा हुकूम कोकणातल्या बंदरांवर चाले. चिंचणी येथे सापडलेला इ. स. 926 चा ताम्रपट त्याची साक्ष देतो. संजाण प्रांतावर राष्ट्रकूटांनी मधुमती नावाचा अधिकारी नेमला होता. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप आणि तो ताजिक, म्हणजे अरब होता. त्याने आसपासची बंदरे ताब्यात घेऊन तेथे आपली माणसे नेमली, नदी ओलांडण्यासाठी मोफत नावेची सोय केली आणि अन्नछत्र चालवले. पठारावरच्या राजाला समुद्र जाणणारा माणूस हवा होता. तो परधर्माचा आहे का, हे त्याने पाहिले नाही.

त्याच्याही आधी, सातव्या शतकात, बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीने शेकडो नौका घेऊन कोकणातल्या पुरी नगराला वेढा दिला होता. ही हकीकत ऐहोळेच्या मेगुटी जिनालयातल्या इ. स. 634 च्या शिलालेखात आहे आणि ती रचणारा रविकीर्ती जैन कवी होता. सांगायचे ते एवढेच की, दख्खनच्या राजांची नजर फार पूर्वीपासून समुद्रावर होती.

कारण उघड आहे: व्यापार, आणि त्यातही घोडा. दख्खनच्या हवामानात चांगली घोड्याची पैदास होत नाही; लढाऊ घोडे अरबस्तान आणि इराणच्या किनाऱ्यावरून गलबतांनी येत. ज्याच्या हाती बंदर, त्याच्या हाती घोडदळ. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याविषयी लिहिले आहे की, तेथील राजाचा चाच्यांशी करार आहे. लुटीतले घोडे राजाचे आणि बाकीचा माल चाच्यांचा. यावरून घोड्याचे मोल कळते.

बाराव्या शतकाच्या अखेरीस कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता ढासळली. ती कल्याणी म्हणजे आपले बसवकल्याण. तेथील वारसा होयसळांनी आणि देवगिरीच्या यादवांनी वाटून घेतला आणि आपला मुलूख यादवांकडे आला. यादवांना मग कोकण हवे झाले. इ. स. 1261 च्या सुमारास महादेव यादव गादीवर आला. त्या वेळी कोकणात शिलाहार सोमेश्वर राज्य करीत होता. महादेवाने आधी जमिनीवर त्याला हरवले. सोमेश्वर गलबतांत चढून समुद्रात गेला. यादवांनी तेथेही पाठलाग केला. 1265 च्या आसपास झालेल्या या लढाईत सोमेश्वर सैन्यासह बुडाला आणि उत्तर कोकणातले शिलाहारांचे राज्य संपले.

ही हकीकत आपल्याला मिळते ती महादेवाचा मंत्री हेमाद्री याच्याकडून. आपण हेमाडपंती देवळांमुळे त्याला ओळखतो. त्याच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'त यादवांची प्रशस्ती आहे. तीत तो थट्टेच्या सुरात सांगतो की, महादेवाच्या कोपाच्या आगीपेक्षा सोमेश्वराला समुद्राच्या पोटातला वडवानल बरा वाटला. दरबारी विद्वानाने जिंकणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली ही ओळ आहे. बुडालेला राजा तीत आला, पण त्याच्याबरोबर बुडालेल्यांचा उल्लेख 'सैन्य' या एका शब्दात आटोपला.

एकसरच्या शिळा याच लढाईच्या असाव्यात, असे मत पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी मांडले आणि पुष्कळांनी ते मानले. एका शिळेवर जमिनीची लढाई आणि हत्ती, दुसरीवर गलबते. हा क्रम हेमाद्रीच्या हकीकतीशी जुळतो. दुसरा पक्षही आहे. शिळांवरची अक्षरे झिजली आहेत, आणि त्यांच्या वळणावरून व शिल्पाच्या शैलीवरून काही अभ्यासक त्यांना अकराव्या-बाराव्या शतकात नेतात. तसे असेल, तर हे वीर त्याआधीच्या कोणत्या तरी लढाईतले ठरतात. चाळीस वर्षे रुग्ण तपासत आल्याने माझी एक सवय आहे. दोन लक्षणे जुळली म्हणून लगेच नाव देऊन मोकळे व्हायचे नाही. पण नाव ठरत नाही म्हणून रुग्ण नाकारायचाही नाही. शिळांचे शतक कोणतेही ठरो, कोकणच्या समुद्रात माणसे लढून मेली आणि कोणीतरी त्यांच्यासाठी दहा फुटी दगड उभे केले, एवढे निर्विवाद आहे.

माझ्या मते खरा विचार येथून सुरू होतो. जमिनीवर मेलेल्याचा देह सापडतो. अग्नी देता येतो, दिवस करता येतात. समुद्रात बुडालेल्याचे काहीच हाती लागत नाही. घरच्यांकडे वाट पाहणे उरते. अशा घरासाठी दगड ही केवळ कीर्तीची खूण नसते; माणूस परत येणार नाही, हे मान्य करण्याची ती जागा असते. वल्ही मारणारे खलाशी कोकणातल्या दर्यावर्दी जमातींतले असणार. पण यादवांच्या बाजूने गलबतावर चढलेल्या धनुर्धरांत पठारावरचे, आपल्या तालुक्यांतले लोकही असणार. आयुष्यात समुद्र न पाहिलेला माणूस पहिल्यांदा पाहिलेल्या समुद्रातच बुडाला असेल. त्याच्या गावी ती बातमी किती महिन्यांनी आली असेल, याचा विचार करून पाहा.

पुढच्या काळाशी तुलना करू. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांच्या आरमाराने आणि पेशव्यांच्या फौजेने मिळून हल्ला केला. तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. मराठ्यांचे एक आरमार मराठ्यांच्याच मदतीने नष्ट झाले, याची हळहळ आजही इतिहासात आहे. जिंकणाऱ्या ॲडमिरल वॉटसनचे भव्य स्मारक ईस्ट इंडिया कंपनीने लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत उभारले आणि त्यावर या विजयाची नोंद कोरली. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या बंगाल-आसामच्या 896 लष्करांसाठी, म्हणजे देशी खलाशांसाठी, कोलकात्यात हुगळीच्या काठी 1924 साली स्मारक झाले. स्मारक कोणाचे होते, हे बहुधा कोण जिंकले आणि खर्च कोणी केला यावर ठरते. एकसरचे दगड त्यामुळे वेगळे वाटतात. त्यांच्यावर आज कोणाचेही नाव वाचता येत नाही. जिंकणारा कोण आणि हरणारा कोण, हेही दगड सांगत नाहीत. दिसतात ती गलबते आणि पाण्यात पडणारी माणसे.

आज एकसरच्या भोवती इमारती उठल्या आहेत. 2022 साली सुरू झालेल्या मेट्रोचे एक स्थानक त्याच नावाचे आहे. आमराई राहिली नाही, तरी शिळा राहिल्या. गावातल्या माणसांनी त्यांना देव मानले, हे त्याचे एक कारण. शेंदराने शिल्प झाकले जाते, ही अभ्यासकाची तक्रार खरी आहे. पण त्या शेंदराच्या धाकानेच पुष्कळ दगड फोडले जाण्यापासून वाचले, हेही खरे आहे.

आपल्याकडे तेवढाही धाक उरलेला नाही. दवाखान्याच्या निमित्ताने खेड्यांत फिरताना मी वीरगळ पायरीला बसवलेले पाहिले आहेत, हौदाला टेकवलेले पाहिले आहेत आणि जीर्णोद्धारात ऑइलपेंट फासलेले पाहिले आहेत. त्यांतल्या पुष्कळांवर जुन्या कन्नडमध्ये ओळी आहेत. आपण मराठी बोलणारी घरे. ती अक्षरे वाचता येत नाहीत, म्हणून तो दगड आपला नाही असे समजतो. पण ज्या काळातले ते दगड आहेत, त्या काळी या भूमीवर मराठी आणि कन्नड एकाच पारावर बसत होत्या. यादवांच्याच राज्यात दोन्ही भाषांत लेख कोरले गेले. त्या दगडातला माणूस तुमचा किंवा माझा पूर्वज नसेलच, असे कोण म्हणेल?

म्हणून आपल्यापुढे एक साधे काम ठेवतो. आपापल्या गावातल्या प्रत्येक वीरगळाचा आणि निषिधीचा फोटो घ्या. तो कोठे आहे, किती चौकटी आहेत, अक्षरे आहेत का, गावात त्याला काय म्हणतात, हे वहीत लिहा. अक्षरे असतील तर शेजारच्या कन्नड शिक्षकांना बोलवा. चहाच्या निमित्ताने ते आनंदाने येतील. दगड हलवू नका, घासू नका, रंगवू नका. वही आपल्या साहित्य संस्थेकडे द्या. एकसरचे वर्णन 1882 साली कोणीतरी फूटपट्टी घेऊन, चौकट मोजत लिहून ठेवले. त्यामुळेच अक्षरे झिजली तरी त्या बुडालेल्या माणसांविषयी आज बोलता आले. आपल्या गावच्या दगडासाठी ते काम करायला बाहेरून कोणी येणार नाही.