वाट, पांदण, सडक

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत रस्त्याच्या निरनिराळ्या प्रकारांसाठी चालणारे शब्द. येथे नाव बदलले की रुंदी, मालकी आणि दुरुस्तीची जबाबदारीही बदलते, म्हणून अर्ज, ठराव किंवा नकाशा करताना शब्द जपून निवडावा लागतो.

पांदण : गावातून शिवारात जाणारी, बैलगाडी व गुरे जाण्याइतकी रुंद सामाईक वाट. पश्चिम महाराष्ट्रात हिलाच पाणंद म्हणतात, आणि शासकीय योजनांनी तेच रूप उचलले आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी या धानपट्ट्यात ऐन रोवणीच्या दिवसांत पांदणीत गारा म्हणजे चिखल होतो आणि लोक धुऱ्यावरून जाऊ लागतात. धुरा म्हणजे शेताचा बांध. वर्षानुवर्षे त्यावरून ये-जा असली तरी त्याला पांदण म्हणू नये, कारण तो खासगी जमिनीचा भाग आहे. धुऱ्यावरून वाट हवी असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे मागावी लागते. असलेली वाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ लागू होतो. अर्जात नुसता ‘रस्ता’ लिहिला की मागणी नव्या वाटेची आहे की जुनी मोकळी करण्याची, हेच कळत नाही. त्यात शेतकऱ्याचा हंगाम जातो.

गाव नकाशा वाटांच्या प्रकारांतला फरक नीट पाळतो. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या ग्रामीण रस्त्याची जमीन कोणत्याही भूमापन क्रमांकाच्या क्षेत्रात धरलेली नसते. गाडीमार्ग व पायमार्ग यांचे क्षेत्र मात्र शेताच्या क्षेत्रातच असते. गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्ग सव्वाआठ फूट. हे जिल्हे जुन्या मध्य प्रांतातले, त्यामुळे वाजिब-उल-अर्ज हा वहिवाटीच्या नोंदींचा दस्तऐवजही पाहावा. खासगी जमिनीतून जाण्याचे रूढ हक्क त्यात सापडू शकतात. गाडीमार्ग-पायमार्गासारखेच मापाचे शब्द स्पेनमध्ये गुरांच्या वाटांना १९९५ च्या कायद्याने दिले आहेत : कान्यादा ७५ मीटरपर्यंत, कोर्देल साडेसदतीस, वेरेदा २०. तिथेही वेरेदा म्हणायची वाट कान्यादा म्हणून चालत नाही.

सडक : बांधलेला, मोटारी चालणारा रस्ता. बोलण्यात डांबरी सडक, कागदावर मात्र पाच पायऱ्या : राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. या उतरंडीचा पाया १९४३ च्या नागपूर योजनेने घातला. शेवटचे दोन प्रकार जिल्हा परिषदेकडे असतात. खड्ड्यांची तक्रार कोणाकडे न्यायची, ते या नावावर ठरते.

चंद्रपूर शहरात पत्ता सांगताना रस्त्याच्या नावाआधी परकोटाचा दरवाजा येतो. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे चार दरवाजे, आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर व मसण या पाच खिडक्या. येथे खिडकी म्हणजे तटातली लहान वाट. गोंड राजांच्या या नगररचनेतला हा अर्थ शहराबाहेरच्या माणसाला आवर्जून सांगावा लागतो.

जंगलात शब्द पुन्हा बदलतात. गोंडीत वाटेला सर्री, सिरोंच्याकडील तेलुगूत दारि किंवा बाट. वनविभागाची जाळरेषा वणवा रोखण्यासाठी साफ केलेली पट्टी असते. तिच्यावरून माणसे चालली तरी ती रस्ता म्हणून नोंदली जात नाही. गडचिरोलीत वाटेची नोंद फार मोलाची, कारण जिल्ह्याचा बहुतांश भाग वनाखाली आहे आणि पायवाटेची सडक करायची तर वनजमीन लागते. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) नुसार गावासाठी रस्त्याला एका हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. त्या ठरावात वाट आज कोणत्या प्रकारची आहे, कोठून कोठे जाते आणि गाव तिला काय म्हणते, या तिन्ही गोष्टी लिहाव्यात.