महार रेजिमेंटचा धावपटू आणि आपले सोळाशे मीटर

१ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेत अविनाश साबळे याने ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले. वेळ ८ मिनिटे १९.५० सेकंद, स्पर्धेचा नवा विक्रम. या शर्यतीत आशियाई सुवर्ण मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष. बरोबर ८२ वर्षांपूर्वी, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली होती. आणि अविनाश आहे ५ महारचा जवान. तारखांचा हा योगायोग त्या दिवशी कोणत्याही वाहिनीने सांगितल्याचे माझ्या तरी पाहण्यात आले नाही. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र लगेच प्रश्न आला, "तो आपला आहे का?"

मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर मी शोधले नाही आणि शोधणारही नाही. महार रेजिमेंटमध्ये आज देशातल्या सगळ्या समाजांचे जवान असतात, तेव्हा रेजिमेंटच्या नावावरून माणसाची जात काढता येत नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या आई-वडिलांच्या मुलाला जगाच्या अंतिम फेरीपर्यंत जाण्याचा रस्ता कशामुळे मिळाला? हा रस्ता एका जुन्या लढ्यातून तयार झाला आहे, आणि तो लढा आपला आहे.

थोडे मागे जाऊ. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी 'लढाऊ जाती'च्या नावाखाली महारांची सैन्यभरती बंद केली. तोपर्यंत पलटणीत नुसता पगार मिळत नव्हता. शाळा होती, पेन्शन होती, गावगाड्याबाहेरचे जगणे होते. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत शिकवत आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला. भरती बंद झाली तेव्हा हे सगळेच दार लागले. ते उघडावे म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा '१११ महार' ही पलटण काढली गेली आणि युद्ध सरताच १९२१ मध्ये मोडली. गरज सरो, वैद्य मरो! जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी हा प्रश्न तिथे लावून धरला आणि त्याच वर्षी रेजिमेंट उभी राहिली.

बारावीनंतर अविनाश घर चालावे म्हणून सैन्यात गेला. खेळाडू व्हायला नव्हे, हे लक्षात घ्या. २०१३-१४ मध्ये सियाचीन, मग राजस्थानचे वाळवंट, मग सिक्कीम. स्पर्धेत धावायला लागला तो २०१५ मध्ये, सैन्याच्या आंतर-तुकडी क्रॉसकंट्रीपासून. पुढे दुखापत झाली, वजन वाढले. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले तेव्हा त्याचे वय बावीस उलटले होते.

ही शर्यत आहे तरी कशी? साडेसात फेऱ्या, २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी. अडथळ्याची उंची सुमारे ९१ सेंटीमीटर आणि तो हर्डलसारखा पाय लागला की पडत नाही. पडतो तो धावणारा. या शर्यतीवर केनियाचे राज्य. १९८४ ते २०१६ प्रत्येक ऑलिंपिकचे सुवर्ण त्यांचे, आणि राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून २०१८ पर्यंत तिन्ही पदके त्यांचीच. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला अविनाशने ८:११.२० अशी वेळ देत रौप्य घेतले. सुवर्ण हुकले ०.०५ सेकंदाने.

त्याच्या कारकिर्दीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पदके नव्हेत, घड्याळातली उतरण. गोपाळ सैनी यांचा ८:३०.८८ हा राष्ट्रीय विक्रम १९८१ चा. तो ३७ वर्षे टिकला. २०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशने ८:२९.८० ची वेळ दिली, म्हणजे सेकंदभराने विक्रम मोडला. मग २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत ८:२१.३७. टोकियो ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२, तरी अंतिम फेरी हुकली. आणि ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. महिनाभराने त्याच शहरात ऑलिंपिकची अंतिम फेरी त्याने गाठली. या शर्यतीत तिथवर जाणारा तो पहिला भारतीय पुरुष, क्रमांक अकरावा. सहा वर्षांत जवळपास वीस सेकंद कमी झाले. असे एका झटक्यात होत नाही. थोडे थोडे, वर्षानुवर्षे, पगार चालू असताना आणि प्रशिक्षक शेजारी उभा असताना होते. मधल्या काळात तो अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर स्कॉट सिमन्स यांच्याकडे सराव करत होता. उंचीवर हवा विरळ असते, तिथे राहून सराव केला की रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद वाढते. हे खर्चाचे काम आहे, घरच्या पैशातून होणारे नाही.

पण वर्तमानपत्रे काय छापतात? सहा किलोमीटर चालत-धावत शाळेत जायचा, सियाचीनच्या बर्फात तावून सुलाखून निघाला, गरिबीने त्याला घडवले. ही भाषा मला खटकते. सियाचीनला हजारो जवान उभे राहिले, ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत एकच पोचला. आमच्या भंडाऱ्यात धानाच्या बांधावरून पायपीट करत शाळेत गेलेली माणसे घरोघरी सापडतील. माझी आई त्यातलीच. पायपिटीतून धावपटू घडत असते तर पवनी आणि लाखांदूरने देशाला अर्धा संघ दिला असता! गरिबीला गुरू ठरवले की मैदान, प्रशिक्षक, दूध-अंडी यांची जबाबदारी कुणावरच राहत नाही. प्रस्थापितांना ही कथा आवडते ती म्हणूनच.

नाशिकचे उदाहरण पाहा. सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक घेते, तिच्यामागून संजीवनी जाधव येते. विजेंदर सिंग नावाचा एक प्रशिक्षक त्या शहरात वर्षानुवर्षे टिकून राहिला, हे त्यामागचे कारण. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. दुष्काळी गाव हा तिचा जन्म होता, प्रशिक्षण नव्हे.

आता आपल्याकडे या. पहाटे साडेचारला पवनी, मोहाडी, तुमसर, साकोली, कोणत्याही रस्त्याला लागा. अंधारात पोरे-पोरी धावताना दिसतील. पोलीस भरती, सैन्यभरती. मुलांना १६०० मीटर, मुलींना पोलिसात ८०० मीटर. ही दोन्ही मध्यम पल्ल्याची अंतरे आहेत. म्हणजे भंडारा जिल्ह्यात मध्यम पल्ल्याचे शेकडो धावपटू आहेत, फक्त त्यांना तसे कुणी म्हणत नाही. सैन्यभरतीत ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत आलेल्यांचा पहिला गट. अविनाशचा पॅरिसचा वेग १६०० मीटरला लावला तर ४ मिनिटे २१ सेकंद येतात, तेही अडथळे ओलांडत, आणि पुढे आणखी १४०० मीटर शिल्लक असताना.

आमची मुले रोज सकाळी काय करतात? रोज १६०० मीटर जीव तोडून पळतात आणि मोबाईलमध्ये वेळ बघतात. हा सराव नव्हे, रोजची परीक्षा आहे. या अंतराला लागणारी सुमारे चार-पंचमांश ऊर्जा प्राणवायूच्या आधारे मिळते. म्हणून जगभरचे मध्यम पल्ल्याचे धावपटू आठवड्यातले बहुतेक किलोमीटर संथ, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या वेगाने धावतात. जोराच्या तुकड्या आठवड्यातून एक-दोनदा, मध्ये विश्रांती घेऊन. एक दिवस पूर्ण आराम. हे सांगायला अमेरिका लागत नाही. तालुक्याला एक जाणता प्रशिक्षक पुरतो. तो नाही, म्हणून डांबरी रस्त्यावर पातळ तळव्याच्या बुटांनी रोज जोर काढून नळीचे हाड धरते. पोरगा बाम लावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळतो, कारण भरतीची तारीख जवळ आलेली असते. माझ्या ओळखीतल्या एका मुलीची भरती अशीच गेली. गावातल्या मोकळ्या जागेवर मुरूम टाकून धावपट्टी आखून द्या, असा अर्ज आम्ही एका कार्यालयात दिला होता. दोन पावसाळे होऊन गेले, उत्तर नाही.

आणि जो सैन्यात पोचेल त्याचे काय? जून २०२२ पासून अग्निपथ आहे. चार वर्षे नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीचे पेन्शनविना घरी. अविनाशच्या वर्षांना हा नियम लावून बघा. २०१३ मध्ये तो सियाचीनला होता. त्या वर्षीच भरती झाला असे धरले तरी चार वर्षे २०१७ ला संपतात. पहिला राष्ट्रीय विक्रम २०१८ चा. खेळाडूंच्या कोट्यातून आज कुणी वर येईलही. पण तो खेळाडू म्हणून गेलाच नव्हता. पलटणीत काही वर्षे काढल्यावर त्याच्यातला धावपटू सापडला. असे उशिरा सापडायला लागणारा वेळच या योजनेने कापला आहे. १९२१ मध्ये पलटण मोडली तेव्हा आपल्या पूर्वजांनी सरकारदरबारी पुन्हा अर्ज केले होते. आज भरतीच्या रांगेत सगळ्यात जास्त उभी असलेली आपली मुले आहेत, आणि आपल्या संघटनांच्या ठरावांत अग्निपथ मला क्वचितच दिसतो.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये अविनाश शर्यतीत पडला. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया झाली, टोकियोची जागतिक स्पर्धा गेली. तेव्हा तो तिशीत होता आणि दीड महिन्यापूर्वीच दक्षिण कोरियातील गुमीला आशियाई विजेतेपद जिंकून आला होता. त्याच्या गुडघ्याला डॉक्टर मिळाले, आणि पाय थांबला तरी त्याची नोकरी शाबूत आहे. आमच्याकडच्या त्या मुलीला डॉक्टरने सहा आठवडे धावू नको म्हणून सांगितले, तेव्हा मैदानी चाचणीला अकरा दिवस होते.