लष्कराचा खर्च आणि लोकसभेची मान्यता

राष्ट्राचे सैन्य कोणाच्या आज्ञेने चालते, हा प्रश्न पुष्कळांना सुचतो. परंतु त्या सैन्याच्या खर्चाला मान्यता कोण देतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः लोकशाहीच्या दृष्टीने दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. आपल्या देशात त्याचे समाधानकारक उत्तर मिळावयास जवळजवळ अर्धे शतक लागले.

मार्च १९०२ मध्ये कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी अर्थसंकल्पावर आपले पहिले भाषण केले. एकीकडे गरिबाच्या माथी मिठावरील कराचा बोजा आणि दुसरीकडे वाढता लष्करी खर्च, ही विसंगती त्यांनी आकड्यांनिशी मांडली. पुढील वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. तथापि १८९२ च्या कायद्याने सभासदांना अर्थसंकल्पावर बोलण्याचा अधिकार दिला होता, मत देण्याचा नव्हे. लष्करी तरतुदीतील एक रुपयाही कमी करण्याची सत्ता गोखल्यांना नव्हती.

१९१९ च्या सुधारणांनी मध्यवर्ती विधिमंडळाला काही खर्चावर मत देण्याचा हक्क दिला. पण संरक्षणखर्च त्यातून वगळला. गव्हर्नर-जनरलच्या अनुज्ञेवाचून अंदाजपत्रकाच्या वेळी त्याची चर्चाही होऊ शकत नसे. पैसा रयतेचा आणि निर्णय सरकारचा, अशी ही व्यवस्था होती.

स्वातंत्र्यानंतर ती पालटली आणि २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेने नव्या व्यवस्थेला निश्चित रूप दिले. कलम ११३ अन्वये संरक्षण मंत्रालयाच्या मागण्या लोकसभेपुढे मांडाव्या लागतात. सभागृहाला त्या मंजूर करता येतात, नाकारता येतात अथवा कमी करता येतात; वाढविता मात्र येत नाहीत. धोरण नापसंत असल्यास मागणी एक रुपयावर आणण्याची कपातसूचना सभासदास देता येते. त्यानंतर कलम ११४ प्रमाणे विनियोजनाचा कायदा झाल्यावरच संचित निधीतून पैसा काढता येतो. राज्यसभेला चर्चेचा अधिकार आहे. मागण्यांवर मत देण्याचा नाही.

परंतु चर्चेची मुदत संपली की उरलेल्या मागण्या एकदम मतास टाकण्याची प्रथा आहे. २०१८ साली तर सर्वच मंत्रालयांच्या मागण्या चर्चेवाचून संमत झाल्या; त्यांत संरक्षणाच्याही होत्या. गोखल्यांना बोलता येत होते, मत देता येत नव्हते. आजच्या लोकप्रतिनिधींना दोन्ही अधिकार आहेत. त्यांपैकी एकच वापरला, तर दुसऱ्याचे मोल कमी होते, याचे स्मरण मतदारांनीच त्यांना दिले पाहिजे.